किंग्स्टनची बंद पडलेली रिंक

गांवांतील एखादें नाटकगृह बंद पडलें म्हणजे लोक दोन दिवस हळहळतात, तिसऱ्या दिवशीं तेथील तुळया व पत्रे कोण विकत घेणार याची चौकशी करूं लागतात, आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच तें स्थळ सर्वांच्या स्मरणांतून जातें. करमणुकीच्या जागेला इतिहास नसतो, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. पडक्या राजवाड्याची भिंत सरकार जतन करतें. पण जेथें शेंकडों माणसें हंसलीं-खेळलीं त्या जागेवर साधी पाटीही सहसा कोणी लावीत नाहीं. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यास इंग्लंडांतील एका लहान शहराची हकीगत मोठी बोधप्रद आहे.

लंडनच्या नैर्ऋत्येस, थेम्स नदीच्या कांठीं, किंग्स्टन हें जुनें बाजारपेठेचें गांव आहे. इ. स. ९२५ मध्यें ॲथेल्स्टन राजाला येथें मुकुट घातला गेला. आणि ज्या शिळेवर बसून सॅक्सन राजांचे राज्याभिषेक होत असें परंपरा सांगते, ती शिळा गांवानें कठडा घालून जपली आहे. याच गांवांत, कॅनबरी पार्क रोडवर, विसाव्या शतकाच्या आरंभीं एक स्केटिंग रिंक होती. तिला कोणी कठडा घातला नाहीं. १९१२ साल संपण्यापूर्वींच ती बंद पडली होती.

चाकांचे जोडे घालून घसरत जाण्याची ही कला मात्र बरीच जुनी. अठराव्या शतकांत लंडनमध्यें जोसेफ मर्लिन नांवाचा बेल्जियमकडील एक कुशल यंत्रकार राहत असे. एका मेजवानीच्या प्रसंगीं असे जोडे पायांत घालून, फिडल वाजवीत वाजवीत तो दिवाणखान्यांत शिरला. परंतु वळण्याची किंवा थांबण्याची सोय त्या जोड्यांत नसल्यामुळें तो थेट एका मौल्यवान आरशावर जाऊन आदळला, अशी गोष्ट सांगतात. आरसा फुटला, फिडल फुटलें आणि मर्लिनलाही चांगलेंच लागलें! वळण्याची ही अडचण १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यानें दूर केली. त्यानें दोन चाकें पुढें व दोन मागें बसविलीं आणि जोडा व चाकें यांच्यामध्यें रबराची गादी घातली. त्यामुळें ज्या बाजूस शरीर झुके त्या बाजूस चाकें आपोआप वळूं लागलीं. पुढें १८८० नंतरच्या काळांत चाकांत पोलादी गोळ्यांचीं बेअरिंगें आलीं, आणि पूर्वीं जें कसरतपटूंचें काम होतें तें शाळकरी मुलांनाही साधूं लागलें.

इंग्लंडांत या खेळाची पहिली लाट १८७० नंतर आली व ओसरली. दुसरी, अधिक मोठी लाट १९०८ च्या सुमारास उसळली. पाहतां पाहतां गांवोगांव रिंका उभ्या राहिल्या. खेळास खर्च थोडा. जोडे भाड्यानें मिळत. बाजूला बँड वाजत असे. शिवाय तरुण मुलींना, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कां होईना, तरुणांच्या हातांत हात देऊन मोकळेपणानें हिंडतां येई. त्या काळच्या मध्यमवर्गीय इंग्रज घरांत ही मोकळीक लहानसहान नव्हती. दुकानांतील नोकर, कारकून, शिक्षिका अशा लोकांना, पदरीं घोडा वा मोटार नसतांही, वेगाचा आनंद प्रथम मिळाला तो या चार चाकांवर.

पण नव्याचे नऊ दिवस! एका गांवांत एक रिंक चालली असती तेथें दोन-दोन, तीन-तीन निघाल्या. तितक्यांत चलच्चित्रांचीं मंदिरें निघालीं. तेथें पडण्याची भीति नाहीं, शिकण्याचे कष्ट नाहींत, नुसतें बसून पाहावयाचें. १९११-१२ पर्यंत बहुतेक रिंका ओस पडल्या. कांहींची चित्रपटगृहें झालीं, कांहींत मोटारी ठेवूं लागले. किंग्स्टनच्या रिंकचें नशीब मात्र निराळें होतें.

१९१२ च्या डिसेंबरांत ती इमारत टॉमस सॉपविथ या २४ वर्षांच्या तरुणानें विकत घेतली. हा गृहस्थही एका परीनें स्केटिंगवालाच. १९१० सालीं बर्फावरील हॉकीची युरोपीय अजिंक्यपदाची स्पर्धा ग्रेट ब्रिटननें जिंकली, त्या संघांत तो होता. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडहून बेल्जियमपर्यंत उड्डाण करून त्यानें ४,००० पौंडांचें बक्षीस मिळविलें. पुढें जवळच्याच ब्रुकलंड्स येथें तो विमानें बांधूं लागला. त्यांतील एक विमान ब्रिटिश आरमारखात्यानें घेतल्यावर त्याला मोठी जागा हवी झाली, आणि ती त्याला या बंद रिंकमध्यें मिळाली.

रिंकच कां, याचें उत्तर तिच्या जमिनीमध्यें आहे. चाकांवर धांवणाऱ्या माणसाला तसूभर खड्डा किंवा उंचवटा खपत नाहीं. म्हणून रिंकची जमीन आरशासारखी सपाट करावी लागते. मध्यें खांब असून चालत नाहीं; म्हणून छप्पर मोठ्या कमानींवर तोललेलें असतें. विमानाचे पंख जोडावयास नेमकी अशीच मोकळी जागा लागते. सॉपविथ, त्याचा यंत्रज्ञ फ्रेड सिग्रिस्ट आणि ऑस्ट्रेलियाहून आलेला वैमानिक हॅरी हॉकर यांनीं त्या गुळगुळीत जमिनीवर खडूनें विमानाची पूर्ण मापाची आकृति काढावी, आणि सुतारांनीं तीवर लाकूड ठेवून भाग कापावेत, असा तेथील कामाचा क्रम होता. थेम्सकांठीं होड्या बांधणारे कारागीर पिढीजात होते. लाकूड व कापड यांनींच तेव्हांचें विमान होत असल्यामुळें अशा हातांची तेथें मोठीच गरज होती.

काम झपाट्यानें चाललें. १९१३ च्या फेब्रुवारींत लंडनच्या ऑलिम्पिया मंडपांतील प्रदर्शनांत सॉपविथचें पाण्यावर उतरणारें ‘बॅट बोट’ विमान झळकलें. २० एप्रिल १९१४ रोजीं मोनॅको येथें त्याच्या ‘टॅब्लॉइड’ विमानानें, हॉवर्ड पिक्स्टन या वैमानिकाच्या हातीं, ताशीं सुमारें ८६ मैलांच्या वेगानें श्नायडर चषक जिंकला. येथपर्यंत सारें खेळीमेळीचेंच होतें. जमिनीवरची शर्यत जणूं आकाशांत गेली होती.

चार महिन्यांच्या आंत महायुद्ध पेटलें. मग रिंकभोवतीं शेड वाढल्या, बायाबापड्या पंखांचें कापड शिवूं लागल्या, आणि या गांवांतून ‘पप’, ‘कॅमल’, ‘डॉल्फिन’ अशीं लढाऊ विमानें बाहेर पडूं लागलीं. एकट्या कॅमलच्या प्रती निरनिराळ्या कारखान्यांत मिळून सुमारें साडेपांच हजार निघाल्या. शत्रूचीं बाराशेंहून अधिक विमानें तिच्या नांवावर नोंदलीं आहेत. पण ती चालविणें इतकें अवघड कीं, शिकतां शिकतां तिनें आपल्याच बाजूचे कित्येक तरुण घेतले.

ह्या विमानांशीं आपल्याकडील तरुणांचाही संबंध आला. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक १९१७ सालीं कॅमल चालवीत असत. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत आकाशांतील झुंजींत पायाला गोळी लागूनही ते विमान खालीं आणून वांचले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांना तेवढें दैव लाभलें नाहीं. २३ व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन घेऊन ते १९१८ च्या जून महिन्याच्या अखेरीस गस्तीवर गेले, ते परतले नाहींत. शत्रूच्या मुलखांत त्यांना मृत्यु आला. त्यांची कबर फ्रान्समध्यें आहे. आनंदासाठीं घासून सपाट केलेल्या त्या जमिनीपासून फ्रान्समधील या कबरीपर्यंत एक सरळ रेषा निघते, हें विसरून चालणार नाहीं.

युद्ध संपलें तशी विमानांची मागणी संपली. मोटारसायकली करून पाहिल्या, त्यांनीं भागलें नाहीं. युद्धांतील नफ्यावरील कराचा बोजा आला, आणि १९२० सालीं कंपनीनें आपण होऊन कारभार आटोपला. त्याच वर्षीं त्याच मंडळींनीं हॉकरच्या नांवानें नवी कंपनी काढली. पुढें १९३५ सालीं पहिल्यानें उडालेल्या ‘हरिकेन’ विमानाचे नकाशे सिडनी कॅम यांच्या देखरेखीखालीं याच रस्त्यावर तयार झाले. १९४४ सालीं इंफाळच्या लढाईंत अर्जनसिंग यांच्या हाताखालील हिंदी स्क्वाड्रनजवळ हींच विमानें होतीं. किंग्स्टन गांवांतील विमानांचा शेवटचा मोठा कारखानाही १९९२ सालीं बंद झाला. म्हणजे रिंक कांहीं वर्षें चालली, विमानें ऐंशीं वर्षें झालीं. शेवट दोघांचाही एकच.

हा वृत्तांत ऐकून कोणी म्हणेल, पोरखेळाची जागा अखेर उपयोगी पडली, पैसा फुकट गेला नाहीं. परंतु हा न्याय उलटा आहे. त्या सपाट जमिनीची किंमत प्रथम मोजली ती किंग्स्टनच्या कारकुनांनीं आणि शिक्षिकांनीं, आपल्या शिलकींतील पैशापैशानें, आणि तीही कोणत्याही युद्धासाठीं नव्हे, तर संध्याकाळचे दोन तास आनंदांत जावे म्हणून. सॉपविथला मिळाली ती त्यांनीं तयार करून ठेवलेली जागा. खेळासाठीं मनुष्य जी काळजी घेतो ती पुष्कळदां गंभीर कामासाठींही घेत नाहीं; आणि मग गंभीर काम तीच काळजी उसनी घेऊन मोठें होतें.

विमानें बांधणाऱ्यांचीं नांवें ग्रंथांत आहेत. त्याच जमिनीवर पहिल्या दिवशीं गुडघे फोडून घेऊन, दुसऱ्या दिवशीं पुन्हा पायांत चाकें बांधणाऱ्यांचीं नांवें कोठेंच नाहींत. करमणुकीची जागा मोडकळीस आली म्हणजे तिच्या तुळयांची किंमत ठरविण्यापूर्वीं, तेथें कोण येत असे आणि त्यांना तेथें काय मिळे, एवढी तरी नोंद शहाण्या नागरिकांनीं करून ठेवावी. तिचा पुढें उपयोग होईल कीं नाहीं, हा प्रश्न नंतरचा.