नदीची दरड वाचणारे प्राध्यापक



द्राक्षाची पाने पिवळी पडू लागली, की आपण मातीचा नमुना तपासायला नेतो आणि विचारतो, "चुना किती निघाला?" आता नाशिकभोवती तर सगळा काळा दगड. मग हा चुना आला कुठून? तो त्या काळ्या दगडातलाच बरं का! दगड झिजतो, त्यातला चुना पावसाच्या पाण्याबरोबर मातीत मुरतो आणि पाणी आटले की पांढऱ्या खड्यांच्या रूपाने मागे राहतो. पाऊस उदंड असला तर वाहून जातो, बेताचा असला तर साठतो. म्हणजे चुनखडीचा खडा ही जुन्या पावसाची नोंदच झाली म्हणा ना.

ही नोंद वाचायला ज्यांनी अनेक विद्यार्थ्यांना शिकवले, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले प्राध्यापक शरद राजगुरू. विषय भूशास्त्र, पण काम पुरातत्त्व विभागात. तिथली वाट घालून दिली होती ह. धी. सांकलियांनी. नाशिकच्या वरच्या अंगाला, गंगापूरजवळ, गोदाकाठच्या चुन्याने घट्ट बांधलेल्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. त्यांवर सांकलियांचे पुस्तक १९५२ साली निघाले.

पण हत्यार किती जुने, हे हत्याराला विचारून कळत नाही, थराला विचारावे लागते. राजगुरूंनी तेच केले. मुळा-मुठेच्या खोऱ्यावरच्या प्रबंधाला १९७० साली पीएच.डी. मिळाली. पुढे १९८७ साली विश्वास काळे यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात त्यांनी आपल्या भागातल्या नद्यांची कहाणी मांडली : पावसाळे दुबळे झाले तेव्हा नद्यांनी गाळ टाकून पात्रे भरली, मग पाऊस वाढला आणि तोच गाळ कापून त्या खोल गेल्या. गोदाकाठच्या उंच दरडी अशा झाल्या आहेत.

सगळ्यात अवघड प्रकरण बोरीचे. जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी, ज्वालामुखीची राख मिळाली आणि तिच्या सोबतीने हत्यारे. पहिल्या मोजणीत राख सुमारे १४ लाख वर्षांची ठरली. राजगुरू आणि सहकाऱ्यांनीच १९९५ साली नवी मोजणी प्रसिद्ध केली : सुमारे ६ लाख ७० हजार! स्वतःचा आकडा निम्म्यावर आला, तो लपवला नाही. मला तरी त्यांच्या कामातली ही गोष्ट फार मोठी वाटते. इतर तज्ज्ञांचे म्हणणे, राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, जेमतेम ७५ हजार वर्षांची. हा वाद पुरता मिटलेला नाही.

तो मिटायचा तर दरडी शाबूत हव्यात. विटांसाठी पोयटा उचलला, बांधासाठी काठ सपाट केला, की ते पान गेलेच; दुसरी प्रत नाही.

गुरुजी, मुलांना एकदा नदीवर न्याच. तळाला गोटे, वर पिवळसर गाळ, त्यात पांढरे खडे. सुटून खाली पडलेला एक उचला आणि शाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब स्वतः टाका. फसफसला, तर चुना.