हलकें यंत्र आणि दुखरा हात

लिहिणाऱ्याचा हात दुखतो, ही गोष्ट संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० सालीं प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या आवृत्तींत त्याला लेखनिकांवरील प्रकरण जोडलें. सतत बसणें, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि चूक होऊं नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशीं तीन कारणें त्यानें सांगितलीं. त्याच्या ओळखीच्या एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्या गृहस्थानें डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला. तों थोड्याच काळांत तोहि हात त्याच वाटेनें गेला. दुखतो म्हणून उजव्या हातांतील माऊस डाव्या हातांत घेणाऱ्या अंधेरीच्या नोकरदारानें ही हकीकत अवश्य लक्षांत ठेवावी.

महाराष्ट्रांतील जुन्या दप्तरांत बोरू चाले. हात फारसा न उचलतां भरभर लिहितां यावें, अशीच मोडीची घडण; तरीहि बोरू दौतींत बुडवावा लागे, झिजला कीं चाकूनें तासावा लागे. कारकुनाला ती कटकट वाटत असेल, परंतु बोटांना तेवढीच उसंत मिळे.

तारायंत्रानें ही उसंत हिरावली. एकच कळ, एकच ठोका, दिवसभर! ब्रिटनमध्यें तारमास्तरांच्या हातास येणारा गोळा १९०८ सालीं भरपाईस पात्र अशा रोगांत घातला गेला. मात्र १९११ सालच्या सरकारी समितीनें वारंवार येणाऱ्या थकव्याबरोबर रोग्याच्या मज्जासंस्थेचा दुबळेपणाहि कारण म्हणून पुढें केला. हात दुखला तर दोष कामाचा कीं माणसाचा, हा वाद तेव्हांपासून चालूं आहे. १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांतील कळफलक चालवणाऱ्यांमध्यें या दुखण्याची मोठी लाट आली, तेव्हांहि तो नव्यानें पेटला. आणि जे खरोखर कळवळत होते, त्यांच्यावर ढोंगाचा संशय घेतला गेला.

मुंबईच्या उपनगरांत या इतिहासाचें एक प्रकरण प्रत्यक्ष घडलें आहे. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यांत १९५५ सालीं भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार झाला. पुढें त्याच टकटकाटावर उपनगरांतील टायपिंगचे वर्ग चालले आणि मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांची परीक्षा पास होणें हें कित्येक घरांत नोकरीचें दार ठरलें. तें यंत्र निरुपद्रवी होतें, असें मुळींच नव्हे. जड कळा दाबून बोटें आखडत. परंतु ओळ संपत आली कीं घंटी वाजे आणि हात उचलून गाडी मागें ढकलावी लागे. मिनिटाला चाळीस शब्द व इंग्रजी शब्दाला पांच ठोके धरले तर दोनशे ठोके होतात. ओळींत साठ-सत्तर अक्षरें. म्हणजे सुमारें दर वीस सेकंदांनीं हाताची चाल बदले. शिवाय कागद बदलणें, कार्बन लावणें, चूक खोडणें हें होतेंच. गोदरेजनें टाइपरायटरचें उत्पादन २००९ मध्यें थांबवलें.

अंधेरीस १९७३ सालीं ‘सीप्झ’ उभें राहिलें. तेथें इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबर संगणकाचें कामहि वाढलें, आणि नव्या शतकाच्या आरंभीं मालाडच्या उंच इमारतींत रात्रपाळीचीं कॉल सेंटरें आलीं. कळफलक इतका हलका झाला, कीं बोट टेकलें तरी पुरे. गाडी नाहीं, घंटी नाहीं, कागद नाहीं. हात मात्र तासन्‌तास एकाच जागीं अधांतरीं.

शरीराची रचना पाहिली म्हणजे यांतलें मर्म कळतें. बोटें हलवणारे मुख्य स्नायू कोपर व मनगट यांच्या मध्यें असतात. मनगटांतील एका अरुंद बोगद्यांतून त्यांच्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतु जातो. तेथें सूज आली कीं तंतु दबतो. अंगठा व जवळचीं बोटें बधिर होतात, रात्रीं मुंग्यांनीं झोप मोडते. अशा वेळीं मलमावर भिस्त न ठेवतां वैद्याकडे लवकर जाणें हेंच शहाणपण. मनगट सरळ, कळफलक कोपराच्या उंचीस, माऊस जवळ, हें सांभाळावें. पण ठाकठीक बसूनहि न हलणारा हात दुखतोच.

राहिला विश्रांतीचा प्रश्न. दुकानें व आस्थापना यांच्यासाठीं झालेल्या १९४८ च्या कायद्यानें, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०१७ च्या कायद्यानेंहि, सलग कामाची मर्यादा पांच तासांची ठरवली होती. वीस सेकंदांची घंटी कोठें आणि पांच तास कोठें! हल्लीं ठराविक वेळानें पडदा अडवून ‘थांबा’ सांगणारे प्रोग्रॅम मिळतात. विक्रोळीची घंटीच ती, फक्त आवाज बदलला. मात्र कामाचा आंकडा वरिष्ठ मोजत असतील, तर ती पहिल्याच दिवशीं बंद केली जाते.

संध्याकाळीं बोरिवली लोकलमध्यें उभ्यानें जाणाऱ्या कारकुनाच्या हातांना पूर्वीं निदान तासभर काम नसे. आज एक हात वरच्या कडीस असतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलवर चालूंच असतो.