आधी ओळख, मग नोंद



संगणक म्हटले की हा शहरातला विषय, असे आपल्याला वाटते. पण आपला सातबाराही आता संगणकावर आला आहे. तेथे तो चढविण्यापूर्वी काय जाणावे लागते, हे आपला इतिहासच सांगेल.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. साराऱ्याचा मक्ता देण्याची चाल त्याने मोडली. जमीन बागायत की जिरायत, तिचा कस कसा, पीक किती, हे पाहून त्याने धारा बसविला.

दोनशे वर्षांनी पुणे भागात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हेच काम हाती घेतले. खर्च वजा जाता शेतात जे उरेल, त्याच्या हिशेबाने सारा ठरवायचा, हे त्याचे तत्त्व. कागदावर गणित चोख. पण त्याखालचे आकडेच चुकीचे! १८३० मध्ये हा सारा इंदापुरात लागू झाला. थोड्याच वर्षांत शेते ओस पडली, कित्येक कुणबी शेजारच्या संस्थानांत निघून गेले. मग १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी रीत घातली. मातीचा रंग व थराची खोली पाहायची, प्रत आण्यांत मांडायची आणि सारा ३० वर्षे कायम ठेवायचा. पुढे निजामाच्या मराठवाड्यातही मुंबईच्याच धर्तीवर मोजणी झाली.

संगणकाच्या जगात १९८० च्या सुमारास जेम्स नेबर्स यांनी अशाच पूर्वतयारीचे शास्त्र मांडले. त्याला आपण क्षेत्राभ्यास म्हणू. आज्ञावली लिहिण्याआधी त्या कामातले जाणकार गाठायचे, त्यांचे शब्द समजून घ्यायचे, कोणती वस्तू कोणाशी कशी जोडलेली आहे याचा आराखडा काढायचा.

सातबाराच घ्या ना. एका गटाचे अनेक खातेदार असतात, एका खातेदाराचे अनेक गट. पीक दर हंगामाला बदलते. मालकी बदलते ती फेरफाराने. पीक आणि मालकी एकाच रकान्यात कोंबली, तर एकाची नोंद दुसऱ्याला पुसून टाकील. आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना कोणी फालतू समजून गाळला तर? कुळाचे नाव तिथेच असते, कर्जाचा बोजाही तिथेच. यंत्र तक्रार करणार नाही; सोसावे लागेल ते कुळाला. हे तलाठ्याला ठाऊक असते. आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याच्याजवळ बसून विचारले, तरच त्यालाही कळेल.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा पाठ वर्गात जरूर करून पाहावा. गावातली विहीर, शेत, वाट आणि माणसे यांची नावे मुलांना फळ्यावर लिहू द्या. कोणाचा कोणाशी काय संबंध, त्या रेघा त्यांनाच ओढू द्या. एखादी रेघ राहिली, तर कोणाचा हक्क बुडेल, एवढे मात्र त्यांना अवश्य विचारा.