चाके समांतर कशी राहतात? कुलाबा किल्ल्यातील तोफांपासून मोटारीच्या अलाइनमेंटपर्यंत

१/१४
अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात गेलात, तर उत्तरेकडील तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा दिसतात. यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याचे नाव त्यांच्यावर कोरलेले आहे. सारे जण तोफेसोबत छायाचित्र काढतात, चाकांकडे कोणी पाहत नाही. आजचा धागा त्या चाकांविषयी, आणि आपल्या मोटारीला ‘व्हील अलाइनमेंट’ का व केव्हा लागते याविषयी आहे.

२/१४
तोफगाड्याची रचना आणि आपल्या बैलगाडीची रचना तत्त्वतः एकच. एक अखंड आस आणि तिच्या दोन टोकांना दोन चाके. तुंबा, आरे, बाहेरून लोखंडी धाव. वळताना आतले चाक कमी फिरते, बाहेरचे अधिक. दोन्ही मोकळी असल्याने अडचण येत नाही. दिशा बदलायची तर बैल वळतात आणि अख्खी गाडी त्यांच्यामागे वळते. आस सरळ आहे तोवर चाके समांतर राहणारच. म्हणून बैलगाडीला अलाइनमेंट ठाऊक नाही.

३/१४
प्रश्न निर्माण झाला तो चार चाकांमुळे. चारचाकी बग्गीची पुढची आस मधोमध एका खिळीवर फिरवत. तीव्र वळणावर पुढचे चाक गाडीच्या खाली शिरे, आधार अरुंद होई आणि गाडी उलटण्याची भीती असे. यावर उपाय एकच: आस स्थिर ठेवायची आणि तिच्या टोकांशी प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवायचे. पण मग दोन्ही चाके समान कोनात वळवून चालत नाही. आतले चाक लहान वर्तुळ कापते, म्हणून ते अधिक वळले पाहिजे.

४/१४
हे कोडे इंग्लंडमधील वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी (उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) अठराव्या शतकाच्या मध्यासच ओळखले होते. पुढे म्युनिकचे बग्गी बांधणारे कारागीर गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी त्यावर व्यवहार्य रचना केली. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ मध्ये घेतले ते त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी, जे व्यवसायाने प्रकाशक होते. आजही अभियांत्रिकीची पुस्तके तिला ‘अ‍ॅकरमन स्टिअरिंग’ म्हणतात. राबला कारागीर, नाव राहिले प्रकाशकाचे.

५/१४
१८१८ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने स्मरते. त्याच वर्षी मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती गेला आणि पेशवाई संपली. त्या काळी कोकणातून घाटावर माल जाई तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून, गोण्या लादून. बोरघाटातून चाकांच्या वाहतुकीसाठी बांधलेला रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. चाक माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक होते. घाटात ते चढले रस्ता झाल्यावरच.

६/१४
किनारपट्टीवर तर रस्त्याहून समुद्र जवळचा होता. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्री अशा खाड्यांनी हा प्रदेश जागोजागी कापलेला. मुंबईला जायचे म्हणजे गलबत, पुढे आगबोट. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. पावसाळ्यातल्या जलप्रवासाची धास्ती किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढे खाड्यांवर पूल झाले आणि प्रवास हळूहळू चाकांवर आला.

७/१४
दरम्यान मोटार जन्मली होती. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली पहिली मोटार तीनचाकी होती, कारण पुढच्या दोन चाकांना योग्य कोनात वळवण्याचे कोडे त्यांना तेव्हा समाधानकारक सुटले नव्हते. त्यांची चारचाकी ‘व्हिक्टोरिया’ आली १८९३ मध्ये. तिच्यात प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्र खिळीवर वळत होते. स्वातंत्र्य आले तशी जबाबदारीही आली. चाके आता अखंड आसेने नव्हे, तर दांडे, सांधे आणि बुश यांच्या साखळीने समांतर राहत होती. साखळीतील एक कडी वाकली की चाकांची दिशा बिघडणार.

८/१४
गॅरेजात तीन शब्द कानी पडतात. टो: वरून पाहिल्यास चाकांची पुढची टोके आत वळली आहेत की बाहेर. माणूस पावले आत किंवा बाहेर टाकून चालतो, तसे. कॅम्बर: समोरून पाहिल्यास चाक उभे आहे की कलते. युरोपातील बग्ग्यांची चाके बशीसारखी खोलगट असत आणि आसेची टोके किंचित खाली झुकवलेली, म्हणून चाके वरच्या बाजूला बाहेर कललेली दिसत; सुरुवातीच्या मोटारींतही तो कल आढळतो. कास्टर: ज्या अक्षाभोवती चाक वळते, त्याचा मागे असलेला कल. सायकलच्या पुढच्या फोर्कचा कल आठवा. त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते.

९/१४
बिघाड केवढा असतो? एक हिशेब करू. चाकाचा व्यास ६०० मिलिमीटर धरा आणि तेवढ्या लांबीत ते केवळ ३ मिलिमीटर तिरके आहे असे माना. म्हणजे दोनशेत एक. असे चाक दर किलोमीटरला सुमारे ५ मीटर आडवे फरफटते. अलिबाग ते मुंबई रस्त्याने ढोबळ १०० किलोमीटर. एका खेपेत जवळपास अर्धा किलोमीटर रबर रस्त्यावर घासले जाते. डोळ्यांना न दिसणारे ३ मिलिमीटर टायर असे खातात.

१०/१४
आमच्या घरी नेमके हेच झाले. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात जोरात आदळली. त्यानंतर स्टिअरिंग सोडले की गाडी डावीकडे ओढ घेई. बाबा म्हणाले, “रस्त्यालाच उतार आहे.” मीही मान डोलावली. तीन महिन्यांनी भर पावसात, आजी मागच्या आसनावर असताना, पुढचा डावा टायर फुटला. वेग कमी होता, म्हणून निभावले. टायर काढून पाहिला तेव्हा बाहेरून नक्षी शाबूत होती. आतली कड मात्र झिजून तारा दिसू लागल्या होत्या. ती कड उभ्याने दिसत नाही, वाकूनच पाहावी लागते. आम्ही कोणीही वाकलो नव्हतो.

११/१४
म्हणून लक्षणे नीट लक्षात ठेवा. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग तिरके राहते. टायरची एकच कड झिजते. थांबलेल्या गाडीच्या टायरवर तळहात आडवा फिरवला, तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागते. ही टो बिघडल्याची खूण. मात्र ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो बहुधा व्हील बॅलन्सिंगचा प्रश्न असतो. आणि गाडी ओढते म्हणून लगेच अलाइनमेंटला धावू नका. आधी दोन्ही बाजूंची हवा तपासा, एखादा ब्रेक चिकटत नाही ना ते पाहा.

१२/१४
करावे केव्हा? मोठा खड्डा किंवा दुभाजक लागल्यावर. टाय रॉड, लोअर आर्म किंवा सस्पेन्शनचा भाग बदलल्यावर. नवे टायर घातल्यावर, नाहीतर जुना दोष नव्या रबरालाही खातो. एरवी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने. साधारण दहा हजार किलोमीटरचा प्रघात आहे. कोकणात मात्र पावसाळा उलटला की एकदा तपासून घेणे शहाणपणाचे. डांबराच्या भेगांतून पाणी खाली शिरते, वरून अवजड वाहने दाब देतात, खालचा थर सैल होतो आणि खड्डा पडतो. साचलेल्या पाण्यात त्याची खोली कळत नाही.

१३/१४
पूर्वी हे इतके जाणवत नव्हते का? वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी आठवा, जी मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिची मागची चाके अजूनही एका अखंड आसेवर होती. बैलगाडीचा वारसाच तो. जुळवायची ती पुढची जोडी. जुने मिस्त्री चाकांच्या बाजूने सुतळी ताणून, पुढचे आणि मागचे अंतर मोजून ती जुळवत. आज तेच काम चाकांवर फलक लावून कॅमेरे करतात. साधन बदलले, मोजायचे ते अंतर तेच राहिले.

१४/१४
पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत गेलेली मुले पुढे महाविद्यालयात पोहोचली. रस्त्यांचा इतिहास आपण बहुधा उद्घाटनांच्या तारखांनी लिहितो: बोरघाट १८३०, अटल सेतू २०२४. पण रस्ता प्रत्यक्षात कसा होता, याचा पुरावा वाहनांवरही उमटतो. जुन्या बैलगाडीची झिजलेली धाव ही जशी इतिहासाची साक्ष, तशीच टायरची झिजलेली आतली कडही. पुढच्या वेळी किल्ल्यावर निघण्यापूर्वी दोन मिनिटे खाली वाका आणि ती साक्ष वाचा. आणि कुलाब्याच्या तोफांपाशी पोहोचलात, तर या खेपेस चाकांचेही छायाचित्र काढा.