मॉर्गन, एडविन डेनिसन

(८ फेब्रुवारी १८११–१४ फेब्रुवारी १८८३). अमेरिकेतील एक प्रसिद्ध व्यापारी, यादवी युद्धकाळातील न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर आणि रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा पहिला अध्यक्ष. जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील वॉशिंग्टन या गावी. सतराव्या वर्षी तो हार्टफर्ड येथे चुलत्याच्या किराणा दुकानात नोकरीस लागला व पुढे त्या धंद्यात भागीदार झाला. १८३६ मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठले आणि साखर, कॉफी इ. मालाच्या घाऊक व्यापारात मोठी संपत्ती मिळविली. पुढे त्याची पेढी कर्जरोख्यांचे व्यवहारही करू लागली.

१८४९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेवर निवडून आला. त्या वर्षीच्या पटकीच्या साथीत त्याने आरोग्यव्यवस्थेचे काम पाहिले. त्यानंतर तो राज्याच्या सिनेटचा सदस्य झाला (१८५०–५३). गुलामगिरीच्या विस्तारास विरोध करणाऱ्या नव्या रिपब्लिकन पक्षाची संघटना उभारण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८५६ ते १८६४ या काळात तो राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष होता.

गव्हर्नर असताना (१८५९–६२) त्याच्या व्यापारी शिस्तीची खरी कसोटी लागली. युद्ध सुरू झाले, तेव्हा संघराज्याचे खडे सैन्य अवघे सु. सोळा हजार होते. त्यामुळे स्वयंसैनिकांची भरती, शस्त्रे, कपडे व अन्नपुरवठा यांचा भार प्रथम राज्यांवरच पडला. मॉर्गनच्या कारकीर्दीत न्यूयॉर्कने सु. २,२३,००० सैनिक पुरविले.

१८६३ ते १८६९ या काळात तो अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य होता. तेथे त्याची वृत्ती मवाळ होती. फेब्रुवारी १८६६ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांना साहाय्य करणाऱ्या खात्याची मुदत वाढविण्याच्या विधेयकावर अध्यक्ष अँड्रू जॉन्सनने नकाराधिकार वापरला, तेव्हा मॉर्गनने अध्यक्षाची बाजू घेतली. मात्र एप्रिलमध्ये नागरी हक्क विधेयकाच्या वेळी त्याने जॉन्सनविरुद्ध मत दिले. ते विधेयक सिनेटमध्ये ३३ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे आवश्यक दोन-तृतीयांशापेक्षा केवळ एक मत अधिक मिळून, टिकले. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व देणाऱ्या या कायद्याच्या दृष्टीने त्याचे मत महत्त्वाचे ठरले. १८६८ मधील महाभियोगातही त्याने जॉन्सनविरुद्धच मत दिले.

अर्थमंत्रिपद त्याने लिंकन व आर्थर या दोन्ही अध्यक्षांच्या काळात नाकारले. १८७६ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तो पराभूत झाला. विल्यम्स महाविद्यालय, युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी इ. संस्थांना त्याने मोठ्या देणग्या दिल्या. न्यूयॉर्क येथे तो मरण पावला.