रॅमच्या पट्टीचा भाव कुठे ठरतो?

जुन्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम वाढवावी म्हणून ऑनलाइन भाव पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना २०२५च्या अखेरीस धक्का बसला. वर्षारंभी आवाक्यात असलेल्या अनेक पट्ट्या दुपटीहून महागल्या होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे परदेशी कारखान्यांनी आपली क्षमता वळवली, आणि त्याची झळ भारतातल्या वसतिगृहांपर्यंत पोहोचली. या परावलंबनाला सहा दशकांचा इतिहास आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्याची स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी एका किंवा उलट दिशेने चुंबकित होई; एक दिशा म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. वीज गेली तरी साठवलेले पुसले जात नसे. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे अवघे दहा किलोबाइट! आजच्या आठ जीबीच्या एका पट्टीत असे आठ लाखांहून अधिक टिफ्रॅक मावतील. परंतु ही स्मृती डोळ्यांना दिसणारी होती आणि तिचा आराखडा जाणणारी माणसे त्याच इमारतीत वावरत होती. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला. तो कितीतरी पटींनी समर्थ होता. त्याची स्मृती मात्र त्याच्यासोबत तयारच आली.

पुढे तंत्रच पालटले. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत एक बिट साठवण्याची कल्पना मांडली. कपॅसिटरमधला विद्युतभार गळत राहतो, म्हणून तो सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. डीरॅममधला ‘डायनॅमिक’ हा शब्द त्यावरूनच आला. १९७० मध्ये इंटेलची १०२४ बिटांची ‘११०३’ ही चिप बाजारात आली आणि काही वर्षांतच ओवलेल्या कड्या मागे पडल्या. आता स्मृतीसाठी धूळमुक्त दालने आणि अफाट भांडवल हवे होते. भारताने मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स उभारले. १९८४ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले, पण फेब्रुवारी १९८९च्या आगीत कारखाना भस्मसात झाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत जग फार पुढे निघून गेले होते.

दरम्यान सुट्या, खाचेत बसवता येणाऱ्या पट्ट्यांमुळे जुन्या यंत्राला नवे आयुष्य देणे सोपे झाले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस याच सोयीवर बहरले. भाव मात्र दूरवर ठरत. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निइहामा येथील रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणासाठी लागणाऱ्या इपॉक्सी रेझिनचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा तेथून होत असल्याने मेमरीचे भाव उसळले. सप्टेंबर १९९९च्या तैवानमधील भूकंपानंतर तेच घडले. पुढे जागतिक व्यापार संघटनेतील करारान्वये भारताने मेमरीवरचे आयातशुल्क हटवले. ग्राहकाला त्याचा लाभ झालाच. कारखाने मात्र जिथे होते तिथेच राहिले.

जून २०२३ मध्ये मायक्रॉनने गुजरातमधील साणंद येथे पावणेतीन अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर केला. त्यातील निम्मा खर्च केंद्राचा आणि पाचवा हिस्सा राज्याचा. तेथे चिपची जोडणी व चाचणी होणार. ज्या सिलिकॉन चकतीवर बिट कोरले जातात ती बाहेरूनच यायची, हा बारकावा अनेक बातम्यांत हरवला. त्याच मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करत असल्याची घोषणा केली. जुन्या लॅपटॉपसाठी स्वस्त पट्टी शोधणारे बहुधा हेच नाव शोधत असत.