कळसूबाईच्या खडकातील चुंबकीय स्मृती

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, नाशिकच्या सीमेवर उभे असलेले कळसूबाई (१,६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनले आहे. पश्चिम घाटातील दख्खन बेसाल्टच्या सर्वांत खालच्या उपगटाला भूशास्त्रात याच शिखराचे नाव आहे.

या खडकात लोह व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. थिजलेल्या लाव्हाचे तापमान ‘क्यूरी बिंदू’खाली (शुद्ध मॅग्नेटाइटसाठी सुमारे ५८० अंश सेल्सियस; टायटॅनियम असल्यास त्याहून कमी) उतरताच हे कण तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात. खडकात घट्ट रुतल्याने कण स्वतः फिरू शकत नाहीत; परंतु त्यांचे चुंबकत्व टिकणे आकारावर अवलंबून असते. सुमारे ३० नॅनोमीटरहून लहान कणांचे चुंबकत्व साध्या तापमानाच्या उष्णतेनेही दिशा बदलत राहते. मोठ्या कणांत भिन्न दिशांचे चुंबकीय विभाग पडून ही स्मृती क्षीण होते. मधल्या आकाराचे कण मात्र ती कोट्यवधी वर्षे जपतात. हा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेल यांनी १९४९ मध्ये मांडला. चुंबकत्वावरील संशोधनासाठी त्यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगशाळेत खडकाचा नमुना चुंबकीय क्षेत्ररहित जागेत टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चढलेले दुय्यम चुंबकत्व पुसतात व मूळ दिशा मोजतात. अशा मोजणीतूनच, लाव्हा वाहिला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता आणि तेथून हजारो किलोमीटर उत्तरेकडे सरकला, हे सिद्ध झाले.